पत्राचे दुसरे पान

शास्त्रपाठ : मार्क 6:7-13 व 30-31, प्रेषितांची कृत्ये 13:1-13, फिलिप्पैकरांस 2:25-30



पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि हातात पुस्तकाची पिशवी, अशा वेषात रस्त्याने जोडीने चालणारे दोन तरुण आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. हैदराबाद किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या वाचकांच्या दारावर कदाचित त्यांनी टकटकही केली असेल. हे मॉर्मन मिशनरी. त्यांच्या मंडळीचे पूर्ण नाव 'अंत्यदिनांतील पवित्र जनांची येशू ख्रिस्ताची मंडळी' असे आहे आणि लोकांनी तेच वापरावे अशी विनंती त्यांच्या अध्यक्षांनी 2018 साली केली. आपल्या लोकांना 'मॉर्मन' हेच नाव परिचित असल्यामुळे आम्ही ते येथे वापरीत आहोत. त्यात अनादराचा हेतू नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. त्यांची शिकवण आणि आपली शिकवण एक नाही. 1830 साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी ही मंडळी स्थापन केली. ते लोक पवित्र शास्त्राबरोबर 'मॉर्मनचे पुस्तक' हेही देवाचे वचन मानतात. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याविषयीची त्यांची शिकवण आपण मतांगिकारात जे कबूल करतो त्याहून निराळी आहे. म्हणून बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरीत नाहीत. हा भेद झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्यापासून काही शिकायचेच नाही, असा धडा आपल्या प्रभूने दिलेला नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले तेव्हा उपकार मानायला परत आला तो शोमरोनी होता, आणि प्रभूने सर्वांसमक्ष त्याचीच आठवण केली (लूक 17:16-18). तेव्हा आज आपण या तरुणांकडे, आणि विशेषेकरून त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांकडे, पाहू या.

या मंडळीतील मुलगा वयात आला की त्याने सेवेला जावे अशी अपेक्षा असते. पूर्वी मुलांसाठी वयाची अट 19 वर्षे आणि मुलींसाठी 21 वर्षे होती. 2012 साली ती मुलांसाठी 18 व मुलींसाठी 19 करण्यात आली. मुलांची मुदत दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. कोठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते. अर्ज केल्यावर नेमणुकीचे पत्र येते आणि त्यात लिहिले असेल तो देश आपला मानायचा. पुष्कळ वर्षे हे पत्र मोठ्या लिफाफ्यातून टपालाने येत असे आणि सारे कुटुंब भोवती बसवून ते फोडले जात असे. पगार नाही. उलट खर्च त्या तरुणाने आणि त्याच्या घरच्यांनी सोसायचा. अमेरिकेसारख्या देशातील कुटुंबाला पूर्वी दरमहा 400 डॉलर भरावे लागत. 2020 साली ते 500 झाले. मुलगा महाग देशात असो की स्वस्त देशात, रक्कम सर्वांना सारखी. 2024 च्या अखेरीस असे 70 हजारांहून अधिक तरुण जगभर सेवेत होते.

त्यांनी एकटे राहायचे नाही. सदैव एक सोबती हवा, आणि तो सोबतीही दुसऱ्याने नेमून दिलेला. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, त्यांना कपडे धुण्यासाठी, बाजारहाटासाठी आणि घरी पत्र लिहिण्यासाठी मिळतो. कित्येक दशके घरच्यांचा आवाज दूरध्वनीवर ऐकण्याची परवानगी वर्षातून दोनच वेळा असे, एकदा नाताळात आणि एकदा मातृदिनाला. बाकीचे सारे पत्रातून. 2019 च्या फेब्रुवारीत हा नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी बोलण्याची मोकळीक मिळाली. घरच्यांनी मुलांच्या सेवेत अधिक सहभागी व्हावे, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला.

बंधुभगिनींनो, एकोणीस वर्षांच्या मुलाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. तो कालपर्यंत आईच्या हातचे खात होता. आज परक्या गावी, परक्या भाषेत, अनोळखी सोबत्याबरोबर तो दारोदार फिरतो. बहुतेक दारे बंद होतात. मग सोमवारी तो कागद पुढे ओढतो. काय लिहील तो?

अशी पत्रे आणि रोजनिशा त्यांच्यातील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयातही सांभाळल्या आहेत. हा संबंध आपल्या भूमीशीही येतो. 1852 साली ह्यू फिंडले नावाचे त्यांचे एक स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले आणि तेथून पुण्यास गेले. छावणीत उपदेश करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना आडकाठी केली. तरी ते राहिले आणि 1855 साली त्यांनी मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिका मुंबईत प्रसिद्ध केली. त्यांची पत्रे इंग्लंडातून निघणाऱ्या 'मिलेनियल स्टार' या नियतकालिकात छापली जात. 1853 साली त्यांचे आणखी काही सेवक सॅन फ्रान्सिस्कोहून 'मान्सून' नावाच्या गलबताने निघाले आणि सुमारे तीन महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले. फळ काय मिळाले? मूठभर माणसे, आणि तीही बहुतेक युरोपियन. 1856 च्या सुमारास ते काम आटोपले. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे गेली, तेव्हा कोठे या देशात त्यांच्या मंडळ्या उभ्या राहू लागल्या. हैदराबाद येथे त्यांचा भारतातील पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक मंडळ्या मिळून होणारा विभाग, 2012 साली स्थापन झाला.

आपल्या स्वतःच्या मंडळ्यांचा उगमही असाच पत्रांतून झाला आहे, हे विसरू नये. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. त्यांची पत्रे महिनोन्‌महिने जहाजातून प्रवास करून बॉस्टनला पोहोचत आणि तेथे मिशनच्या मासिकात छापली जात. ती वाचून कोणी पैसे पाठविले, कोणी मुले पाठविली, कोणी गुडघे टेकले. 1826 साली उपदेशाच्या दौऱ्यावर असताना नाशिकच्या बाजूस हॉल साहेब पटकीने वारले. जो घरी पत्र लिहीत होता त्याच्याविषयीच पत्र लिहिण्याची पाळी दुसऱ्यावर आली.

आता शास्त्रपाठाकडे वळू. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभू बारा जणांना दोघे दोघे असे पाठवितो. वाटेसाठी भाकर नाही, झोळी नाही, कमरेला पैसा नाही. ते जातात, काम करतात आणि परत येतात. तिसाव्या वचनात ते आपण काय काय केले आणि काय काय शिकविले हे सर्व प्रभूला सांगतात. हे जणू त्यांचे घरचे पत्रच. आता प्रभूचे उत्तर पाहा. किती जणांचा पालट झाला, किती गावे झाली, असा हिशोब तो मागत नाही. तुम्ही एकीकडे चला आणि थोडा विसावा घ्या, असे तो त्यांना सांगतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने अहवाल ऐकला आणि अहवाल देणाऱ्यांच्या थकलेल्या चेहऱ्यांकडे पाहिले.

पौलाची पत्रेही अशीच वाचा. तो विजयाच्याच वार्ता लिहितो काय? करिंथकरांस दुसरे पत्र लिहिताना आरंभीच तो कबूल करतो की आशियात आमच्यावर असे ओझे पडले की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती (1:8). असा थोर प्रेषित, आणि आपल्या मंडळीला असे लिहितो! फिलिप्पैकरांस तो एपफ्रदीताविषयी लिहितो. फिलिप्पैच्या मंडळीने आपला हा माणूस पौलाच्या सेवेसाठी पाठविला होता. तो आजारी पडला, मरणाच्या दारी पोहोचला. आपल्या दुखण्याची बातमी घरी कळली म्हणून तो कष्टी झाला आणि त्याला घरची ओढ लागली. आमच्यासारख्याने कदाचित म्हटले असते की सेवकाला घरची आठवण कसली? पौल तसे म्हणत नाही. तो त्याला परत पाठवितो आणि मंडळीला बजावतो की याचे आनंदाने स्वागत करा, अशांचा मान राखा. घरची ओढ लागलेल्या, आजारातून उठलेल्या, परत आलेल्या माणसाचा मान राखा!

आता आम्हांला आमचा एक अपराध कबूल करायचा आहे. त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक तरुण, युवक शिबिरात मनाला स्पर्श झाल्यामुळे, दूरच्या आदिवासी भागातील एका वसतिगृहात दोन वर्षे सेवेला जाण्यास तयार झाला. मंडळीने निरोप समारंभ केला. अंथरूण-पांघरूण दिले, चहापान झाले, प्रार्थना झाली. आम्हांला अभिमान वाटला. तो आईला पत्रे लिही, कारण तिकडे फोन क्वचितच लागे. रविवारी उपासनेपूर्वी ती माउली पत्र आमच्या हाती देई आणि आम्ही ते जाहिरातींच्या वेळी मंडळीला वाचून दाखवीत असू. पहिल्या पानावर असे की मुले गीते शिकली, शब्बाथशाळेत वीस जण येतात, पाऊस चांगला झाला. मंडळी 'आमेन' म्हणे.

एकदा पत्र दोन पानांचे आले. दुसऱ्या पानावर त्याने लिहिले होते की रात्री झोप लागत नाही, अन्न पचत नाही, बरोबर काम करणारा माणूस आठ-आठ दिवस बोलत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत. आम्ही ते पान वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले. मंडळीचा हिरमोड होऊ नये, देणगी देणाऱ्यांची मने मोडू नयेत, असे आम्ही स्वतःला समजाविले. उत्तरादाखल आम्ही त्याला दोन ओळींचे पत्र लिहिले. त्यात धीर धरण्याविषयी शास्त्रवचनाचा आधार होता. आमचा स्वतःचा आधार त्यात नव्हता.

पुढची सारी पत्रे एका पानाची आली.

आठव्या महिन्यात तो ट्रंक घेऊन घरी परतला. लोक विचारू लागले, "काय रे, काय झाले? मुदत तर दोन वर्षांची होती ना?" कोणी प्रकृतीचे विचारले नाही. निरोप देणारे पुष्कळ होते, स्वागत करणारा कोणी नव्हता. त्याने देवळात येणे सोडले. मग एके दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. ती रागावली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, तुम्ही ते दुसरे पान वाचून दाखवलं असतं, तर कुणीतरी त्याला भेटायला गेलं असतं."

प्रियांनो, हे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. आम्ही एका मुलाला शिकविले की मंडळीला केवळ पहिले पान हवे असते. त्याने ते शिकून घेतले आणि त्यानंतर तो आमच्याशी खरे बोलला नाही. खोटे बोलू नको असे आपण मुलांना शब्बाथशाळेत शिकवितो आणि खरे सांगायची जागा मात्र त्यांच्यासाठी ठेवीत नाही. ज्या घराला चांगलीच बातमी चालते, ते घर आपल्या लेकरांना लपवायला शिकविते.

मॉर्मन लोकांमध्येही हे दुःख आहे. मुदत संपवून येणाऱ्या तरुणाला उपासनेत उभे करून अनुभव सांगायला लावतात, घरचे लोक विमानतळावर त्याला घ्यायला जातात. परंतु जो आजारामुळे, मनाच्या खचण्यामुळे किंवा अन्य कारणाने आधी परत येतो त्याला फार अपराधी वाटते, आणि याविषयी त्यांच्यातले लोक अलीकडे मोकळेपणाने बोलू लागले आहेत. म्हणजे मते निराळी असली तरी हा घाव एकच आहे. जेथे सेवेचा मोठा मान असतो, तेथे मोडून परतलेल्याला उभे राहायला जागा उरत नाही.

पवित्र शास्त्रात अशा एकाची गोष्ट आहे. योहान मार्क पौल व बर्णबा यांच्याबरोबर निघाला आणि पंफुल्यातील पिर्गा येथून त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला (प्रे. कृत्ये 13:13). का गेला? लूक कारण देत नाही. पवित्र आत्म्याने जे झाकून ठेवले ते आपण चहाच्या कपाबरोबर उकरून काढू नये. यरुशलेमेत त्याच्या आईच्या, म्हणजे मरीयेच्या घरात मंडळी प्रार्थनेसाठी जमत असे (12:12). अशा घरी अर्ध्या वाटेवरून परत येणे त्या तरुणाला किती जड गेले असेल! पुढे पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयार झाला नाही, आणि त्यावरून दोन थोर सेवकांमध्ये तीव्र मतभेद झाला. परंतु बर्णबाने त्याचा हात धरला आणि त्याला कुप्रास नेले. पुष्कळ वर्षांनी, बंदिवासात, मरण समोर दिसत असताना, तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (2 तीमथ्याला 4:11).

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मंडळीच्या परंपरेप्रमाणे दुसरे शुभवर्तमान याच मार्काने लिहिले. प्रभूने थकलेल्या शिष्यांना विसावा घ्यायला बोलाविले, ते बोलावणे चार शुभवर्तमानांपैकी केवळ त्याच एका शुभवर्तमानात आढळते. जो स्वतः अर्ध्या वाटेवरून परतला होता, त्याला हे शब्द विसरता आले नाहीत असे आम्हांला वाटते. बर्णबाने त्याचा हात सोडला असता तर? आपल्या मंडळीत बर्णबा कोण आहे?

आपल्यातील किती मुलेमुली आज घराबाहेर आहेत! कोणी परिचारिकेच्या शिक्षणासाठी, कोणी पुण्या-मुंबईला नोकरीसाठी, कोणी आखाती देशांत, कोणी सेमिनरीत, कोणी सैन्यात. आता पत्रे कोणी लिहीत नाही, फोनवर छायाचित्रे येतात. छायाचित्रात तर पहिलेच पान असते. हसरा चेहरा, नवा शर्ट, मागे समुद्र. दुसरे पान कोठे आहे, हे आपण विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणि मंडळीच्या पंचांना आम्ही नम्रपणे तीन गोष्टी सुचवितो. पहिली, बाहेरगावी असलेल्या आपल्या तरुणांची नावे एका वहीत लिहा आणि दर महिन्याला वर्गातील मुलांकडून प्रत्येकाला खरोखरीचे पत्र, कागदावर आणि हाताने, लिहून घ्या. त्यात उपदेश नको. गावची हकीकत असावी, कोणाच्या घरी बाळ झाले, देवळाचे छप्पर कोठे गळते, हे असावे. दुसरी, त्यांना असा प्रश्न विचारा की ज्याचे उत्तर 'मी खुशाल आहे' एवढ्यावर भागणार नाही. जेवण कोण करते? आजारी पडलास तर पाणी कोण देते? रविवारी कोणाजवळ बसतेस? तिसरी, कोणी मध्येच परत आला, तर कारण विचारण्यापूर्वी त्याला जेवायला बोलवा. कारण त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा तो सांगेल.

हे वाचून कोणी म्हणेल की यामुळे तरुणांची कणखरता जाईल. तसे होणार नाही. आपला भार उचलणारे कोणी आहे हे ज्याला ठाऊक असते तो अधिक दूर जाऊ शकतो. अंत्युखियाच्या मंडळीने पौल-बर्णबांवर हात ठेवून त्यांना पाठविले आणि ते परत आले तेव्हा सर्वांना जमवून त्यांचे सर्व ऐकले. त्या दौऱ्यात दगडमारही झाला होता. तोही त्यांनी ऐकला असेलच. आणि त्याच मंडळीने त्यांना पुन्हा पाठविले.

तो आमचा तरुण आज दुसऱ्या शहरात नोकरी करतो. आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. त्याने आम्हांला चहा दिला आणि म्हणाला, "असू द्या, साहेब." नाताळात तो देवळात येतो आणि मागच्या बाकावर बसतो. पुढच्या बाकावर त्याला बोलवायचे की मागच्या बाकावर आपण जाऊन बसायचे, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. गेल्या नाताळात आम्ही उपासना संपल्यावर मागे जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

प्रार्थना : हे दयाळू स्वर्गीय पित्या, तू आपल्या पुत्राला या जगात पाठविलेस आणि गेथशेमाने बागेतील त्याची व्याकूळ विनवणी तू ऐकलीस. जी आमची लेकरे आज आमच्यापासून दूर आहेत त्यांच्या जवळ तू राहा. त्यांनी लिहिलेले आणि न लिहिलेले तू वाचतोस. आम्हांला ऐकणारे कान दे, परत आलेल्यासाठी उघडे दार दे, आणि आम्ही जे पान घडी घालून ठेवले त्याची आम्हांला क्षमा कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.